इर्याने भरलेल्या गाड्या

आमच्या कागद कारखान्यात हजारएक माणसं होती आणि जवळजवळ तितक्याच गाड्या. प्रत्येक गाडीत डोकं एकच. ऐंशीच्या हिवाळ्यात साहेबांनी ठरवलं, की फाटकाजवळचं बर्चच्या झाडांचं रान तोडून तिथे गाड्या लावायला जागा करायची. कामगार ऑफिसातल्या इर्या कोक्कोनेनने साहेबांकडून मे महिन्यापर्यंत मुदत मागून घेतली. माणसं एका गाडीत दोघं-दोघं येऊ लागली तर रान राहील, असा सौदा. नवरा गेल्यापासून ती दुपारचा डबा त्याच झाडांखाली खायची. रान गेलं असतं तर तिचं काय राहिलं असतं, देव जाणे.

तिने फाटकावर कागद लावला: 'गाडीत जागा कोणाला हवी?' तीन आठवडे कागद कोरा. आम्ही सावो प्रांताची माणसं. जीव जाईल, पण शेजाऱ्याकडे मीठ मागणार नाही. मग तिने मथळा बदलला: 'गाडीत जागा कोण देईल?' दोन दिवसांत चारशे नावं! देणारे चारशे आणि घेणारा एकही नाही. आता आठवलं तरी हसू येतं.

मग इर्याने खोटं बोलायला सुरुवात केली. एका संध्याकाळी ती माझ्या दारात आली. टोपीवर बर्फ, हातात दालचिनीचे पाव.

"आर्मस, तुझ्या शेजारच्या ताउनोची गाडी थंडीत सुरू होत नाही. तो मेला तरी मागायचा नाही. तू नेशील का त्याला?"

ताउनो आणि मी नऊ वर्षं एकाच रस्त्याने मागेपुढे गाड्या हाकत कामावर जात होतो. कुंपणावरून मान हलवायची, एवढीच काय ती ओळख. मी म्हटलं, नेतो. तिथून ती सरळ ताउनोकडे गेली आणि त्याला सांगून आली, की आर्मसला अंधारात दिसत नाही, तर तू त्याच्या गाडीत शेजारी बसून रस्त्यावर लक्ष ठेव.

अशी तिने घरोघर माणसं जोडली. प्रत्येक गाडीत दोघं बसलेले आणि दोघांनाही वाटायचं, उपकार आपणच करतोय.

आमच्या गाडीत तिचं बिंग आठ दिवसांत फुटलं.

"डोळे कसे आहेत?" ताउनोने विचारलं.

"चांगले आहेत. तुझी गाडी?"

"चांगली आहे."

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्याच वेळेला हॉर्न वाजवला आणि तो येऊन बसला. त्या सकाळी मला फार बरं वाटलं होतं. इतकी वर्षं झाली, पण थर्मासमधली त्याची कडू कॉफी अजून आठवते.

मे उजाडला. साहेब हातात रानतोडीचा हुकूम घेऊन फाटकावर उभे राहिले. गाड्या निम्म्या झाल्या होत्या. इर्याही आली, स्वतःच्या गाडीतून, एकटीच.

"इर्याबाई, तुमच्या गाडीत कोण असतं?" साहेबांनी विचारलं. "तुम्हीच एकट्या येता, तर हे सगळं टिकणार कसं?"

इर्याचा चेहरा लाल झाला. सगळ्यांसाठी ती खोटं बोलली होती. तिच्यासाठी बोलायला कुणी नव्हतं, आणि स्वतःहून मागायला तीही आमच्यातलीच. रोज तिच्या घरावरून आम्ही दोघं मजेत जात होतो आणि ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताउनो पुढे झाला. टोपी काढली.

"इर्या, सोमवारपासून मला तुझ्या गाडीत घेशील का?"

"का रे? गाडी बिघडली?"

"गाडी ठणठणीत आहे. मी मागतोय."

भोवतालची माणसं बुटांकडे बघायला लागली. असं उघड मागताना आम्ही कधी कुणाला पाहिलं नव्हतं. साहेबांनी ताउनोकडे पाहिलं आणि हुकूम घडी करून खिशात घातला. इर्याचे डोळे भरून आले होते, पण आवाज तोच.

"सव्वासहाला रस्त्यावर उभा राहा. मी थांबत नसते."

मलाही विचारायचं होतं. तोंड उघडलं, शब्द फुटेना. ताउनोने माझ्याकडे एकदा बघितलं.

"आणि याला मागे बसव," तो तिला म्हणाला. "हा काही विचारायचा नाही."