चुंबकाला दाद न देणारा कण

"कॉर्निअल फॉरेन बॉडी," डॉक्टरांनी निकाल दिला. त्या काळात फॉरेनचा माल म्हटलं की लोक हेव्याने बघायचे. माझ्याकडे फॉरेनचं साधं घड्याळ नव्हतं आणि हा माल थेट उजव्या डोळ्यात!

डॉक्टरांनी समजावलं. बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, तो कॉर्निया. त्यात बाहेरचा कण रुतला की हे भारदस्त नाव मिळतं.

"सकाळी कण गेला, मग दुपारी का आलात?"

मी सोबत आलेल्या हमीदभाईंकडे पाहिलं. हमीदभाईंनी पंख्याकडे पाहिलं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपात मी ग्राइंडरच्या फिरत्या दगडावर लेथचं टूल घासत होतो. संरक्षक चष्मा होता, पण कपाळावर. घामाने काचा धूसर होत, म्हणून आम्ही सगळेच तो मुकुटासारखा वर चढवून ठेवायचो. डोळ्यात काहीतरी टोचलं. मी मनसोक्त चोळलं. टोचणी दुप्पट झाली.

हमीदभाई आमचे मेन्टेनन्सचे मेकॅनिक. त्यांच्याकडे जुन्या लाउडस्पीकरचं दणकट चुंबक होतं. जमिनीवर सांडलेला लोखंडी कीस, ऑइलच्या टाकीत पडलेला नट, सगळं ते त्यानेच काढायचे. कुणाच्या डोळ्यात कण गेला, तरी उपाय तोच! मला स्टुलावर बसवलं. मशिनी थांबल्या, माणसं जमली. असा प्रेक्षकवर्ग मला गणेशोत्सवातल्या नाटकातही लाभला नव्हता.

"पापणी वर धर राव, हालू नको," हमीदभाई म्हणाले. "लोखंडच हाय ना? चुंबकाला न्हाई म्हणायची हिंमत हाय का त्याची?"

"आलं, आलं!" लेथवरचा तुकाराम ओरडला.

"काय आलं?"

"पानी आलं डोळ्यातनं."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत हा खेळ चालला. शेवटी डोळा उघडेना, तेव्हा हमीदभाईंनीच मला स्कूटरवर घालून चिंचवडला आणलं.

डॉक्टरांनी डोळा बधिर करणारे थेंब टाकले. मग फ्लुरोसीन नावाच्या नारिंगी रंगाची कागदी पट्टी आत टेकवली. या रंगाने निळ्या उजेडात जखम हिरवी चमकते. त्यांनी यंत्रातून पाहिलं आणि सुईच्या टोकाने कण अलगद काढला.

"हे लोखंड नाहीच. ग्राइंडरच्या दगडाचा कण आहे. चुंबकापुढे वर्षभर बसला असता तरी हलला नसता. आणि लोखंड असतं, खोल रुतलेलं असतं आणि चुंबकाने ओढलं असतं, तर डोळा फाटला असता."

हमीदभाईंनी पुढे वाकून माझ्या डोळ्याकडे बघितलं.

"चोळल्यामुळे बुबुळाच्या मधोमध ओरखडा आहे. जंतू शिरले तर कॉर्निअल अल्सर होईल, म्हणजे चिघळणारी जखम. ती भरली तरी पांढरा डाग राहतो. तसं झालं तर या डोळ्याने नीट दिसणार नाही. आता औषध घालून डोळ्यावर पट्टी बांधतो, उद्या सोडून बघू."

 एका डोळ्याने मायक्रोमीटरवरचं बारीक माप कसं वाचणार, एवढंच डोक्यात घुमत राहिलं.

म्हणून सांगतो मंडळी. डोळ्यात काही गेलं तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने धुवा. कण रुतलाच असेल तर काडी, रुमालाचं टोक, चुंबक, काही लावू नका. डोळ्यावर दाब न देता तो स्वच्छ कापडाने झाका, दुसरा डोळाही शक्यतो मिटून ठेवा, कारण दोन्ही बुबुळं एकत्र फिरतात. आणि डॉक्टर गाठा. चुना किंवा ॲसिड उडालं असेल तर मात्र आधी बराच वेळ डोळा धुवत राहा, मगच निघा.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पोचलो, तर हमीदभाई आधीच बाकावर हजर.  डॉक्टरांनी पट्टी सोडली, तपासलं आणि म्हणाले, "ओरखडा भरत आलाय. जंतुसंसर्ग नाही. आता डावा डोळा झाका आणि समोर बघा."

आधी नुसता उजेड दिसला. मग त्यातून एक दाढी वर आली.

"हमीदभाई," मी म्हणालो, "शर्टाची बटणं वरखाली लावलीत तुम्ही."

त्यांनी शर्टाकडे बघितलंसुद्धा नाही. माझे दोन्ही खांदे घट्ट धरले.

"आणखी सांग. आणखी काय काय दिसतंय?"

मी भिंतीवरची पाल सांगितली, कॅलेंडरावरचा लाल रविवार सांगितला, सिस्टरच्या कपाळावरची आठी सांगितली. हमीदभाई प्रत्येक गोष्टीला "व्हय, व्हय" म्हणत होते, आणि मी सांगतच सुटलो होतो.