केशरबाईची मोट

हिवरखेडच्या शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या वामनराव मास्तरांनी पुण्याहून गुलाबाचं रोप आणलं होतं. त्याच्या आळ्याला नीटस कडं हवं म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, तर आपल्या भाड्याच्या खोलीच्या टिनांवर डोक्याएवढाले नऊ गोटे नुसतेच बसलेले दिसले. मास्तरांनी शिडी लावून ते उतरवले. वऱ्हाडातला छपरावरचा गोटा वाऱ्यासाठी असतो, हे त्यांच्या कुठल्याही पोथीत नव्हतं.

पुढं पंधरा दिवसांनी, पासष्टच्या मे महिन्यात, भर दुपारी वादळ सुटलं. मास्तर सुटीत घरी जायचं म्हणून ट्रंक भरत होते. धडाड आवाज झाला, आणि वर पाहतात तो आभाळ! चार टिनं निंबावरून उडाली आणि त्यातलं एक नेमकं विहिरीकडं जाणाऱ्या विजेच्या तारेवर पडलं. तार तुटली. खोली केशरबाईची, विहीर केशरबाईची, आणि विहिरीवरचा वर्षभराचा नवाकोरा पंपही केशरबाईचाच.

पन्नाशी ओलांडलेली ही माळीण संत्र्याची कलमं बांधायची. नवरा होता तोवर त्याच्या हाताकडं नुसती बघत आली. तो गेल्यावर चाकू स्वतःच्या कमरेला खोवला. जंबेरीच्या खुंटाला चीर देऊन तिनं बसवलेला संत्र्याचा डोळा सहसा मरत नसे. बोलणंही तसंच, चाकूनं छाटल्यासारखं. यंदा तिच्या वाफ्यांत दोन हजार कलमं मृगाची वाट पाहत उभी होती. त्या उन्हात दोन-तीन दिवस पाणी चुकलं की वर्षाची मेहनत करपली.

"मावशी," मास्तर घशातल्या घशात म्हणाले, "छपरावरचे गोटे मी काढले होते."

केशरबाईनं आधी उघड्या छपराकडं पाहिलं, मग गुलाबाकडं.

"फूल मोठं आलं जी," ती म्हणाली आणि वाफ्यांकडं चालू लागली.

तिच्या स्वयंपाकघराची एक भिंतही बसली होती. तिनं पिठाच्या डब्यावर गोणपाट टाकलं, चूल निंबाखाली मांडली, कंदिलाची काच पुसून ठेवली आणि घराचा विषय तिच्यापुरता संपला. संध्याकाळी शेजारचे उत्तमराव बातमी घेऊन आले.

"अकोटपावतर खांब आडवे झाले, बाई. लाइनवाले आठ रोज तं येत नाहीत."

"न येवोत. मोट हाय ना."

गोठ्याच्या माळ्यावरून तिनं चामड्याची मोट खाली ओढली. पंप आला तेव्हा ती मोडीत काढ म्हणून याच उत्तमरावांनी तिचं डोकं खाल्लं होतं. चामडं पापडासारखं कडक झालं होतं. तिनं ते तेल चोळून हौदात भिजत घातलं.

सकाळी ती मास्तरांच्या दाराशी उभी.

"मास्तर, बैल हाकता येते काय?"

"नाही हो."

"बसता येते?"

"ते येतं."

"मंग झालं. चाला."

बैल विहिरीपासून धावेच्या उतारावरून धावले की मास्तरांनी ताणलेल्या दोरावर बसायचं, म्हणजे भरलेली मोट वर येते. मास्तरांचा देह या कामासाठीच घडवल्यासारखा होता. अडचण परतीची होती. मोट पुन्हा विहिरीत जायला बैलांनी उलट्या पावली चढ चढायचा, आणि वर्षभरात ते ही विद्या साफ विसरले होते.

"गानं म्हना!" केशरबाई वाफ्यातून ओरडली. "मालक म्हनत. त्याबिगर ते मांगं सरत नाहीत."

मास्तरांना गाणं येत नव्हतं. त्यांनी वर्गातला सूर लावला, "रामः रामौ रामाः..." बैलांनी कान टवकारले आणि ते एक एक पाऊल मागं यायला लागले. द्वितीयेपर्यंत मोट पाण्याला टेकली!

"बाई, बैलं मॅट्रिक होतीन!" उत्तमराव शेताच्या धुऱ्यावरून म्हणाले.

पुण्याची गाडी मास्तरांविनाच गेली. रोज पहाटेपासून ऊन चढेपर्यंत ते दोरावर, आणि केशरबाई पाणी वळवत वाफ्यात. तळहाताला फोड आले. तिनं हळद-तेल लावलं, पण सुटी दिली नाही. कडेचा एक वाफा करपला. बाकीची कलमं हिरवीगार राहिली.

नवव्या दिवशी तार जोडली गेली, पंप घरघरला आणि वाफ्यांत आपोआप पाणी धावलं. केशरबाईनं बैलांना मोकळं केलं. मास्तर धावेवरच बसले. आठ दिवस मनात डाचत होतं, ते त्यांनी विचारून टाकलं.

"मावशी, एवढं नुकसान केलं मी तुमचं. एका शब्दानं रागावला नाहीत?"

"रागावली असती तं तुमी पुन्याची गाडी धरली असती, मंग मोट कोनं हाकली असती?"