गोठ्यातली कानडी

आक्का गेल्या त्या सकाळी मी सोलापुरात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बसले होते. डोळ्यांत थेंब घातलेले, समोरचं सगळं धुरकट, आणि त्यातच फोन वाजला. शेजारच्या वस्तीवरचा रशीद बोलत होता. तो टेंपो चालवतो, त्यामुळे बोलताना नेहमी घाईत असतो, पण त्या दिवशी अगदी सावकाश म्हणाला, "बाई, तुमी तितंच बसा. मी न्यायला येतो." त्या सावकाशीवरूनच मला समजलं. कुंभारीला शेतावर पोचले तेव्हा आक्कांना गोठ्यातून ओसरीवर आणून निजवलं होतं. त्यांची धार काढून झाली होती, दुधाची बादली फडक्यानं झाकून बाजूला ठेवली होती, आणि मग गव्हाणीला टेकून त्या बसल्या त्या बसल्याच... काशी म्हैस तशीच उभी होती. पुढ्यातल्या कडब्याला तिनं तोंड लावलं नव्हतं.

ईरा, परवा तू विचारलंस, "आजी, आक्काआजीची काशी आता कुठे आहे?" मला ते तुला नि नीलला फोनवर सांगता येईना, म्हणून लिहिते आहे.

आक्का म्हणजे तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहीण, माझ्या नणंद. त्यांना अक्कलकोटच्या पलीकडे एका खेड्यात दिलं होतं. तिकडे घरीदारी सगळी कानडी. आक्का ती भाषा सासरी शिकल्या, तिथेच रमल्या, आणि संसार अजून नवा असतानाच त्यांचे यजमान तापाच्या आजारात गेले. मूलबाळ नव्हतं. वडील जाऊन लेकीला घेऊन आले. निघताना सासूनं एक पारडी, म्हणजे म्हशीचं पिल्लू, बरोबर दिलं. आमच्या गोठ्यात पुढे जेवढ्या म्हशी झाल्या त्या सगळ्या त्या पारडीच्या लेकीबाळी. काशी त्यांतली शेवटची. खांद्यापर्यंत पोचणारी तलवारीसारखी शिंगं आणि एवढ्या थोरल्या अंगाला न शोभणारा भित्रा स्वभाव.

मी लग्न होऊन आले ती इंग्रजीत एम. ए. होऊन, सोलापूरच्या शाळेत शिकवणारी. प्रत्येक गोष्ट वेळेवर आणि जागच्या जागी लागणारी. आल्या आल्या मी गोठ्यासाठी एक वेळापत्रक केलं. वैरण केव्हा, पाणी केव्हा, धार केव्हा, सगळं ठळक अक्षरांत लिहून दाराला अडकवलं. आक्कांनी ते वाचलं आणि विचारलं, "म्हशी घड्याळ बघून हगत्यात व्हय गं?" त्या आठवड्यातच बकरीनं ते ओढून खाल्लं. मी शाळेतून आले तर आक्का ओसरीवर गंभीर चेहऱ्यानं उभ्या. म्हणाल्या, "मालू, आता बकरीला येळ कळंल बग. शिकली की ती." आणि मग आम्ही दोघी इतक्या हसलो, की तुमचे आजोबा काय झालं म्हणून रानातून धावत आले.

आक्का आमच्याशी मराठीच बोलत. कानडीचा एक शब्दही त्यांच्या तोंडून स्वयंपाकघरात कधी निघाला नाही. पण गोठ्याच्या उंबऱ्यातून पाय आत टाकला की भाषा बदलायची. "बारव्वा" म्हणून हाक मारायच्या, म्हणजे 'ये गं बाई', आणि म्हैस मान वळवून पुढे यायची. धार काढताना तर त्या सलग बोलत राहायच्या, खालच्या आवाजात, दुधाच्या धारेच्या लयीत. मधेच थांबायच्या, जणू पलीकडून उत्तर येणार आहे, आणि पुन्हा सुरू व्हायच्या. पुष्कळ वर्षं मला वाटायचं की जनावरांशी बोलायचं ते असंच काहीतरी असेल, चुचकारणं वगैरे. एकदा तुमचा बाबा लहान असताना तापानं फणफणला होता. दोन दिवसांनी ताप उतरला तेव्हा आक्का गोठ्यात गेल्या आणि बोलता बोलता रडू लागल्या. मी दारात होते. त्या बोलण्यात बाबाचं नाव मला ऐकू आलं. मी विचारलं, "आक्का, काय सांगताय तिला एवढं?"

"घरचं सांगते," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसून पुन्हा धार काढायला बसल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांचा जो थोडासा संसार झाला तो सगळा त्या भाषेत झाला होता. इतक्या माणसांच्या घरात ती ऐकायला म्हशींशिवाय कुणीच नव्हतं. मी कधी कधी दाराबाहेर जोंधळा निवडत बसायची आणि अर्थ न कळता ऐकत राहायची. आजोबा गेले, तुमचा बाबा परदेशी गेला, बैल गेले, बकऱ्या कमी झाल्या. पण संध्याकाळचं ते बोलणं चालूच होतं. नील, तू व्हिडिओवर "बारव्वा" म्हणालास आणि काशीनं ओलं नाक फोनला लावलं, तेव्हा आक्का दिवसभर शेजारणींना सांगत होत्या, "तिकडच्या देशातनं पोरानं हाक मारली, तर वळकलं की हिनं."

गेल्या हिवाळ्यात त्यांना दम लागायला लागला. एका संध्याकाळी पायरीवर बसून श्वास खाली बसेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "मालू, माज्यामागं काशीचं तुज्यानं व्हनार न्हाई. तुजे गुडघे मला म्हाईत हायेत. पर हिला बाजारात हुबी करू नगंस. हिच्याशी बोलंल आशा घरात दे."

मी हो म्हटलं. याखेरीज त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

त्या गेल्यावर काशीनं दूध चोरायला सुरुवात केली. तिचं रेडकू लावलं की पान्हा सोडायची, माझा हात लागला की आखडून घ्यायची. मी "बारव्वा" म्हणून पाहिलं. शब्द तोच, पण माझ्या तोंडून तो शाळेत हजेरी घेतल्यासारखा यायचा. काशी माझ्याकडे पाहायची आणि मग माझ्यामागे दाराकडे पाहत राहायची... तुमचा बाबा रोज फोनवर म्हणायचा, आई, जनावरं देऊन टाक आता. त्याचं चुकत नव्हतं. एक व्यापारी आला, तिच्या पाठीवर थाप मारून "चल गं" म्हणाला, तशी ती भिंतीला चिकटून थरथरायला लागली. मी त्याला चहा दिला आणि परत पाठवलं. दुसऱ्यालाही पाठवलं. तिची कास दगडासारखी होत चालली होती. आक्कांना दिलेला शब्द धरून बसले तर मुकं जनावर आजारी पडणार, आणि सोडला तर ते बाजारात उभं राहणार. शेवटी रशीदला बोलावून सांगितलं, अक्कलकोटकडे तुझ्या फेऱ्या असतात, तिकडे कानडी बोलणारं घर बघ. तो हसला. म्हणाला, "बाई, पोरीचं लगीन जमवताना बी लोक इतकं बगत न्हाईत." पण गेला, आणि एका दुपारी शरणव्वा नावाच्या बाईला नि तिच्या नवऱ्याला घेऊन आला.

बाई माझ्याहून बरीच लहान, हातभर हिरव्या बांगड्या. मराठी मोडकीतोडकी. तिनं शिंगं पाहिली नाहीत, दात पाहिले नाहीत. चपला बाहेर काढल्या, आत गेली आणि बोलायला लागली. मी अंगणात होते. कानावर तो खालचा, सलग आवाज आला. मी आत गेलेच नाही. जाऊन पाहिलं असतं तर तिथे आक्कांऐवजी दुसरंच कुणी दिसलं असतं. मग बादलीत पहिली धार वाजली, दुसरी वाजली, आणि मी अंगणातच खाली बसले.

संध्याकाळच्या आत निघायचं होतं. शरणव्वानं काशीच्या गळ्यातलं आमचं दावं सोडलं आणि स्वतः आणलेलं नवं बांधलं. जनावर देताना दावं द्यायचं नसतं, ते विकणाऱ्याच्या घरी राहतं, हे दोन्हीकडे सारखंच. टेंपोला लावलेल्या फळीवर काशी अडली, तेव्हा शरणव्वा पुढे होऊन "बारव्वा" म्हणाली. काशी चढली. रेडकू मागून चढलं. काशीनं मागे वळून पाहिलं नाही, आणि खरं सांगते बाळांनो, त्याचं मला वाईट वाटलं नाही. ती घरी निघाली होती.

जाता जाता शरणव्वानं सोडलेलं दावं माझ्या हातात दिलं. "अक्का, हे ठेवून घ्या," ती म्हणाली. त्यांच्याकडेही थोरल्या बाईला अक्काच म्हणतात.

ते दावं आक्कांनी जुन्या लुगड्यांच्या चिंध्या वळून केलेलं आहे. एवढी वर्षं ते म्हशीच्या गळ्यात पाहिलं होतं, हातात कधी घेतलं नव्हतं. आता जवळून पाहिलं तर एक पेड त्यांच्या निळ्या लुगड्याचा, आणि दुसरा, मळून गेलेला पण ओळखू येणारा, मी शाळेत नेसायचे त्या पिवळ्या साडीचा. ती साडी जुनी झाली म्हणून मी कधीच टाकून दिली होती. पीळ असा घट्ट आहे की नखानं सुद्धा उकलत नाही. रिकाम्या गोठ्यात खुंटीला ते अडकवून ठेवलंय. संध्याकाळी कडी लावायला जाते तेव्हा हात लागतोच. म्हशीचा वास अजून आहे. आणि मी तिथे उभी राहून, कुणी ऐकत नाही ना हे पाहून, दिवसभराचं घरचं सांगते... माझ्या मराठीत.