हातमोज्यांचा एकच जोड

टेबलावर हातमोजे ठेवले होते. निळे, पातळ रबराचे. एकच जोड. आणि पीठ मळणाऱ्या आम्ही दोघी, मी आणि मेघाताई.

मॅडम म्हणाल्या, "उद्यापासून तू हे घालत जा. पालकांचं म्हणणं आहे. हायजीन."

"आणि मेघाताई?"

मॅडम मोबाइल बघत बसल्या.

चऱ्होलीतल्या नव्या सोसायटीत आमची बालवाडी. तिथं मी पोरांना कणकेची अक्षरं शिकवते. वळी करायची, वाकवायची, ग झाला. त्यावर बोट फिरवायचं, नाव घ्यायचं. मग तव्यावर भाजायचं आणि ज्यानं ओळखलं त्यानं खायचं. पोरं गट्टम करायची. इतकी वर्षं कुणाला काही वाटलं नाही.

मग आताच काय झालं? मेघाताईलाच विचारलं. बुद्धपौर्णिमेला माझ्या घरी खीर मागून घेऊन खाल्लेली बाई. मी तिला सख्खी बहीण समजत होते.

"अगं, पालकांच्यात विषय निघाला, तू कुठली, कुणातली. मी सहज बोलून गेले. घाल ना, काय जातंय तुझं?"

काय जातंय. माझे वडील चाकणला फाउंड्रीत होते. हात भाजायचे, मोजे मागून मागून मिळायचे नाहीत. मला न मागता मिळाले.

दुसऱ्या दिवशी घातले. हो, घातले. नोकरी हवी होती. पीठ रबराला चिकटत होतं. इराचं बोट धरून म काढत होते, तर ती म्हणाली, "ताई, तुझ्या हाताला काय झालं?"

सगळी पोरं माझ्या हाताकडे बघायला लागली. मेघाताईनं मान खाली घातली. माझं डोकंच सणकलं. म शिकायच्या आधी ही पोरं हे शिकणार, की ताईच्या हाताला काहीतरी आहे. आणि शिकवणार कोण, तर मीच.

"काही झालं नाही बाळा." मोजे काढले, कचऱ्याच्या डब्यात टाकले. हात धुऊन पुन्हा मळायला बसले.

"अगं, कुणीतरी बघेल," मेघाताई कुजबुजली.

"बघू दे."

सुटताना मॅडमना सांगितलं. राजीनामा देणार नाही. उद्या येणार, याच हातांनी मळणार. मोजे द्यायचे तर सगळ्यांना द्या. मला काढायचं तर कारण लिहून द्या. हायजीन नाही, मेघाताई सहज बोलून गेली ते लिहा. खाली सही करा. मी ते पोरांच्या आयांसमोर मोठ्यानं वाचणार आहे.