गरम भरीत

आमच्या कॉलेजातली ती मुलगी बोलता बोलताही अंगठ्याने हवेत स्क्रीन सरकवायची. रीलला लाइक कमी पडले की तिला भर वर्गात घाम फुटायचा, आणि मी, तिचा शिक्षक, "पुढची टाक" म्हणून धीर द्यायचो.

सावदा गावच्या एका मळ्यात कॉलेजची भरीत पार्टी होती. वांगी ठेचायला तीच बसली. मी मोबाइल रोखून म्हणालो, "एक रील होऊन जाऊ दे."

"नाही सर. अकाउंट सकाळीच उडवलं. तीन वर्षं शूटिंग संपेपर्यंत भरीत गार व्हायचं. आज गरम खाणार."

"अगं, लोक विसरतील तुला."

"विसरू द्या. तुमच्या पुऱ्या गार होताहेत, बसा."

तरी मी चोरून शूटिंग केलंच. घरी पाहिलं तर कॅमेरा उलटा लागलेला. पाच मिनिटं नुसतं माझंच तोंड, आणि मागून तिचा खणखणीत आवाज, "अजून वाढा."