प्रसादाची खडीसाखर

आता आम्ही मुलाकडे लातुरातच राहतो. तरी डायलिसिससाठी औशाहून एसटीने जायचो, त्या दिवसांची फार आठवण येते. खिडकीशी मी, शेजारी मांडीवर डबा घेऊन ही. डबा बहुतेक वेळा भरलेलाच परत यायचा. मशीन रक्त धुऊन देत होतं, पण मला घास गिळवेना, वजन उतरत चाललं, रक्तवाढीची इंजेक्शनं लागू पडेनात. डॉक्टर म्हणाले, “शरीरात कुठंतरी सूज धुमसतेय. डायलिसिसच्या पेशंटमध्ये हे बऱ्याचदा होतं. अशीच राहिली तर हृदयाला धोका. पण मूळ सापडत नाही.” माझा धीरच सुटला. आमच्यात लिंगपूजेशिवाय जेवत नाहीत. वडिलांनी लहानपणी डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवायला शिकवलं, तेव्हापासून पूजा चुकली नव्हती. आता भूकच नाही तर पूजा कशाला, म्हणून मी रागाने ती सोडली. माझ्या वाटचा बेलही मग हीच वाहायची.

श्रावणातल्या एका सोमवारी हिने हट्टाने महादेवाच्या देवळात नेलं. मी पायरीवरच बसलो. एक अनोळखी म्हातारी प्रसाद वाटत आली.

“खोबरं चालत न्हाई मला, आक्का. किडनीचा पेशंट हाय.”

“मग खडीसाखर घ्या की.”

चावली आणि कळ मस्तकात गेली.

“दाढ किडली व्हय?”

“न्हाई हो, किडनीचंच असंल.”

“किडनी काय तोंडात असती का? दाखवा की कुनाला तरी!”

आम्हा डायलिसिसवाल्यांना ही खोडच असते. काहीही दुखलं की खापर किडनीवर. तोंडाची कडू चव, हिरड्यांतलं रक्त, यातलं काहीच मी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. आता सांगितल्यावर त्यांनी दातांच्या दवाखान्यात धाडलं. दाढेच्या मुळाशी जुना पू होता. दाढ काढली आणि रिपोर्टमधली सूज हळूहळू उतरली.

त्या आक्का पुन्हा दिसल्या नाहीत. त्या कोण, हे मी शोधतही नाही, नुसते हात जोडतो. मी महादेवाकडे किडनी मागत होतो. ती मिळाली नाही, मशीन सुटलं नाही. पण काय द्यायचं ते आता मी त्याच्यावर सोडलंय. कारण एका दुपारी, पूजा करून जेवायला बसलो असताना, माझ्या तोंडून सहज निघून गेलं, “अजून अर्धी भाकरी वाढ.” ही भाकरी आणायला आत गेली, ती बराच वेळ बाहेरच आली नाही.