आमचा अठ्ठाविसावा दिवस

दिनांक ३१ जानेवारी २०२२, वार सोमवार. हजर : मी, आमच्या गल्लीतली सात मुलं आणि जीपवाला सुपडू. कारण : मुलांचा लसीचा दुसरा डोस. लस मोफत, जीपचे ठरलेले आठशे रुपये. यातली एकच गोष्ट चुकली होती, ती म्हणजे दिवस.

मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बावीस वर्षं नोंदी ठेवतो. उसाच्या ट्रॉलीत वीस किलोचा फरक निघाला तर मला जेवण जात नाही. (ट्रॉलीवाल्यांना जातं.) त्यामुळे तापीकाठच्या आमच्या गावात कुणाला तारीख काढायची असली, वय मोजायचं असलं, की गल्ली माझ्या ओट्यावर येते.

पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना लस सुरू झाली, तेव्हा सगळ्यात आधी शेजारचे रोहिदास नाना आले.

"आप्पा, मन्हा चेतनले पंधरावं सरनं नही अजून. त्याले लस देतस नही म्हने."

मी सूचना तीनदा वाचलेली होती. "नाना, महिना पाहत नाहीत, जन्मसाल पाहतात. २००७ किंवा त्याआधीचं हवं. चेतन डिसेंबर २००७ चा. बसतो!"

आणि चेतन बसला! चार जानेवारीला, मंगळवारी, गल्लीतल्या सातही मुलांना पहिला डोस मिळाला. आठ दिवसांनी नाना पुन्हा आले.

"आप्पा, आपले चौऱ्याऐंशी दिन सांगेल व्हतात. मंग पोरेस्ले दुसरी सुई मार्चमा का?"

"नाना, आपली लस वेगळी, मुलांची वेगळी. मुलांना अठ्ठावीस दिवस."

हेही बरोबर! नानांनी गल्लीत जाहीर केलं की आता आप्पा सांगतील तो दिवस. लागोपाठ दोनदा बरोबर आलेला माणूस तिसऱ्यांदा कुणाचं ऐकत नाही. मी एक कागद आखला, त्यावर तारखा लिहिल्या. चार जानेवारी, पहिला दिवस. एकतीस जानेवारी, अठ्ठाविसावा. वार सोमवार. कागद भिंतीवर डकवला.

माझी बायको सुनंदा भाकरी थापत होती. तिनं तव्यावरची नजर न काढता विचारलं, "पहिली सुई मंगळवारनी व्हती ना? मी बाजारमाईन वांगा लई उनू, तवय पोरं दंड धरीसन ओट्यावर बठेल व्हतात. चार आठवडा झायात म्हंजे परत मंगळवारच येई ना?"

"सुनंदा, हे बाजाराचं गणित नाही. शासनाचं आहे."

(आकड्यांची गोष्ट निघाली की माझी अहिराणी आपोआप सुटते आणि मी शुद्ध बोलायला लागतो. घरचे तेव्हाच सावध होतात.)

"बारसं कितव्या दिवशी करतो आपण?" मी विचारलं.

"बाराव्या."

"जन्माचा दिवस धरून की सोडून?"

"धरीसन."

"मग सुईचा दिवसही धरायचा!"

"सुईनं काय बारसं करनं शे का?" असं म्हणून तिनं भाकरी उलटली. मी ते बाईमाणसाचं बोलणं म्हणून सोडून दिलं. आज लिहिताना हात जड होतो, पण नोंद ती नोंद.

सोमवार मला प्रिय असण्याचं आणखी एक कारण होतं. माझी मुलगी कोमल, या सातांतलीच एक, नववीत. खो-खो खेळते. दोन वर्षं शाळा बंद होती, तेव्हा ही पोर कारखान्याच्या रस्त्यावरच्या विजेच्या खांबांना खो-खोचे खांब समजून एकटीच पळायची. तिची नाशिकच्या दहा दिवसांच्या सराव शिबिरासाठी निवड झाली होती. बुधवारी सकाळी सहाची बस. सरांनी बजावलेलं : दोन्ही डोसचं प्रमाणपत्र नसेल तर नाव कमी, राखीव मुलगी जाईल. म्हणजे सोमवारी सुई, मंगळवारी ताप, बुधवारी बस. इतकं नीट बसणारं वेळापत्रक चुकीचं कसं असेल!

तर सोमवारी सात मुलं जीपमध्ये कोंबून मी पलीकडच्या मोठ्या गावच्या शिबिरात पोचलो. शाळेच्या व्हरांड्यात टेबल, टेबलावर संगणक, संगणकामागे एक मुलगी. तिनं कोमलचा नंबर टाकला आणि मान हलवली.

"काका, उद्या."

"ताई, आज अठ्ठाविसावा दिवस आहे."

"अठ्ठावीस दिवस व्हायला लागतात काका. आज सत्तावीस झालेत. घेतच नाहीये बघा."

मी खिशातून कागद काढला. (भिंतीवरचा मूळ होता, ही माझी खिशातली प्रत.) तिच्यापुढे बोट ठेवून एक ते अठ्ठावीस मोजून दाखवले. मागे रांग वाढत होती. ती मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, पहिल्या दिवशी सुई दिली, त्या दिवशी एक दिवस कसा झाला? संध्याकाळी तरी झाला होता का?"

"असं कसं? बारसं आपण—"

"बारसं करायला आणलंय का यांना?" मागून लस टोचणाऱ्या सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या हातात सुई होती, म्हणून मी आवाज कमी केला.

"बरं, बारसं राहू द्या. दहावं घ्या. माणूस गेला तो दिवस धरूनच—"

"ओ आप्पा!" रांगेतले एक म्हातारबाबा ओरडले. "सुईनी लाईनमा दहावं काय काढतस! आते लोके लाईन सोडीसन पळी जाथीन!"

बाकी सहाही मुलं हसत होती. फक्त कोमल हसत नव्हती. तिनं माझ्या हातातला कागद घेतला, घडी केली आणि माझ्याच खिशात ठेवला. "पप्पा, बास."

"बरं, उद्या येतो," मी म्हणालो.

"उद्या इथं शिबिर नाही," सिस्टर म्हणाल्या. "उद्या आम्ही वर घाटात. धडगावच्या रस्त्यावर आश्रमशाळा आहे, तिथं. इथं आता गुरुवारी."

गुरुवारी! बुधवारी सहाला बस! मी कोमलकडे पाहिलं नाही. पाहण्याची हिंमत वीस किलोनं कमी पडली.

"मग हिला उद्या घाटात आणतो," मी म्हणालो.

"एकटीला आणून काय करू? एक बाटली फोडली की दहा जणांना लागते. एकीसाठी नाही फोडता येत. या सगळ्यांनाच घेऊन या."

बाकी सहा जणांना गुरुवारीही चालणार होतं, त्यांची काही बस सुटत नव्हती. परतीच्या वाटेवर जीपमध्ये चेतन म्हणाला, "आप्पा, कोमल जाई नही ते मंग ती राखीव पोर जाई. तिले ते नीट बठता बी येत नही खांबापाशी. आम्ही ईसूत घाटमा."

"पन भजे खावाडना पडतीन," दुसरा म्हणाला.

घरी सुनंदानं नुसतं भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं आणि म्हणाली, "म्हंजे मंगळवारच ना?" एवढंच! ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मंगळवार, एक फेब्रुवारी. सात मुलं, दोन तासांचा घाट, चार उलट्या. (चेतनच्या दोन.) आश्रमशाळेत पोचलो तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. सिस्टरनी आम्हाला ओळखलं. ओळखणारच!

"या बारशाचे काका," त्या म्हणाल्या. "सकाळची बाटली संपली हो. आता नवीन फोडावी लागेल. तुम्ही किती?"

"सात."

"तीन आणा. पहिला डोस असला तरी चालेल, लस तीच आहे. चारला आम्ही आवरतो."

पन्नास मिनिटांत सातपुड्यात तीन पोरं कुठून आणायची? आश्रमशाळेतल्या मुलांचं सकाळीच झालं होतं. मी म्हणालो, "ताई, मी स्वतः दंड पुढे करतो." त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही अठराच्या वरचे दिसता." एवढ्या गडबडीतही मला ते गंभीरपणे तपासून पाहावंसं वाटलं.

सुपडू जीप घेऊन फाट्यावर गेला. मी आणि कोमल फाटकाशी उभे. साडेतीन झाले. पावणेचार. कोमल बुटाच्या टोकानं मातीत रेघ काढत होती. मी म्हणालो, "कोमल, मन्हं चुकनं."

आकड्यांची गोष्ट असून माझी अहिराणी सुटली नाही. तिनं वर पाहिलं. "पप्पा, तुम्ही हाई कागदवर लिखी देशात का?"

तेवढ्यात जीप आली. सुपडूनं बाजार करून घरी निघालेलं एक कुटुंब गाठलं होतं : बाप आणि तीन मुलं, डोक्यावर मिरच्यांची गोणी. बाप आनंदानं तयार होता. शाळेची ओळखपत्रं पोरांच्या खिशातच होती. मी वाचायला घेतली. पहिला, एक जून २००५. दुसरी, एक जून २००६. तिसरा, एक जून २००७.

माझ्यातला वजनकाटा जागा झाला. "एक मिनिट. तिघांचाही जन्म एक जूनला? हे कसं शक्य आहे? नीट चौकशी केल्याशिवाय—"

"पप्पा!" कोमल दात-ओठ आवळून म्हणाली. "तुमचा वाढदिवस कधी असतो?"

मी घड्याळात पाहिलं. तीन वाजून बावन्न मिनिटं.

"एक जून," मी म्हणालो.

(गुरुजींनी नाव घालताना लिहिला. खरा कुणालाच माहीत नाही. आमच्या कारखान्यात एक जूनला एकोणीस जणांचा वाढदिवस असतो.)

बाटली फुटली! दहा जण, दहा सुया, एक थेंब वाया नाही. इतका चोख हिशेब मी काट्यावरही पाहिलेला नाही, आणि त्यात माझा वाटा शून्य होता.

पण प्रमाणपत्र? घाटात मोबाइलला रेंज नाही. खाली उतरताना सातही पोरं मोबाइल खिडकीबाहेर धरून बसली. एका वळणावर कोमलचा वाजला आणि जीपमध्ये असा आरडाओरडा झाला की सुपडूनं घाबरून ब्रेक दाबला. तिथंच भज्यांची गाडी होती. सात पोरांनी सव्वीस प्लेटी खाल्ल्या. घाटात उलट्या केलेल्या चेतननं त्यातल्या पाच.

भाडं देताना सुपडूनं डोकं खाजवलं. "आप्पा, कालदिनना बी देवाना शे अजून. पहिला दिन धरना का सोडना?"

पहिला दिवस धरावा असं मी स्वतः भर रांगेत सांगितलं होतं. धरला.

बुधवारी सहाच्या बसनं कोमल गेली. अंगात थोडी कणकण होती, पण सरांनी प्रमाणपत्र पाहिलं, नावापुढे खूण केली, आणि ती खिडकीतून हात हलवत राहिली. शिबिर दहा दिवसांचं. घरी येऊन मी नवा कागद आखला. आता मी शहाणा झालो होतो. पहिला दिवस धरायचा नाही! गुरुवार एक, शुक्रवार दोन... दहावा आला शनिवारी, बारा तारखेला. कागद भिंतीवर डकवला, सुपडूला शनिवारी स्टॅंडवर जायला सांगून ठेवलं.

शुक्रवारी संध्याकाळी मी ओट्यावर उद्याच्या शर्टाला इस्त्री करत होतो. दारात रिक्षा थांबली. बॅग घेऊन कोमल उतरली. काळवंडलेली, गुडघ्याला पट्टी, आणि तोंडभर हसू.

"पप्पा, मन्ही मुख्य संघमा निवड झायी!"

"अगं, पण तू उद्या यायची होतीस!"

"उद्या कशी? दहा दिन झायात ना. बुधवार धरीसन."

मी सुनंदाकडे पाहिलं. तिनं पाण्याचा तांब्या आधीच भरून ठेवलेला होता. "तिनी परवाच फोनवर सांगं व्हतं," ती म्हणाली.

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्हना कागद व्हता ना भिंतवर!"

मी घाईनं सुपडूला फोन लावला, उद्याची जीप नको म्हणून. तो म्हणाला, "आप्पा, माले वहिनीनी कालदिनच सांगी दिन्हं."

रिक्षावाला अजून दारात उभा होता. त्याचे साठ रुपये झाले होते. मी शंभराची नोट दिली. त्यानं चाळीस परत केले. ते मी न मोजता सुनंदाच्या हातात दिले. म्हटलं, बरोबर आहेत का ते तूच बघ.